काकूची वाफ, आईचा पंखा

गेल्या अक्षय्य तृतीयेच्या दुपारी अन्याय झाला तो माझ्या आईवर. बुलढाण्यातल्या आमच्या घरात वर काका-काकू, खाली आम्ही. मीटर एकच आणि बिल निम्मंनिम्म. वाढलेलं बिल बघून काकू जिन्यातूनच म्हणाली, "ताई, दिवसभर पंखा काऊन चालू ठेवता जी?" आईनं पंखा बंद केला आणि घाम पुसत पोळ्या लाटत राहिली.

काकू वर जाऊन नव्या स्टीमरनं साड्यांना वाफ द्यायला लागली. तिची सिल्कची साडी सुळसुळीत. आईची गादीखाली दाबून सरळ केलेली. जळले मी, लपवू कशाला? तशीच वर गेले आणि स्टीमरच्या खोक्यावरचा आकडा मोठ्यानं वाचला: दीड हजार वॅट. आमचा पंखा पंचाहत्तर. म्हणजे तिच्या एका तासाच्या वाफेत आईला वीस तास वारा.

काकू हसली. "जळते काय वं? घे, तुह्या आईच्या साडीले कर."

घ्यावासा वाटला, म्हणून तर जास्तच चिडले. "स्टीमर नको. पंखा पाहिजे," म्हटलं, आणि खाली येऊन बटण दाबलं.

तुमच्या घरातही कुणाचा पंखा असाच बंद करवला असेल, तर आधी तो लावा. मग स्टीमरवरचा आकडा सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा.