अर्ध्यावर चिकटवलेला काटा

दुपारचं जेवण झालं की मगदूम साहेब आडवे होतात ते पलंगावर नव्हे, तर पोर्चमध्ये उभ्या असलेल्या आपल्या जर्मन गाडीच्या मागच्या सीटवर. चौदा वर्षांपूर्वी साखर कारखान्यातून चीफ केमिस्ट म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी ती पुण्याच्या एका डॉक्टरकडून वापरलेली घेतली. तेव्हा उभी सांगली वळून बघायची. आता तिची डावी मागची काच खाली जाते, वर येत नाही. एसी फक्त चढावर चालतो. छताची झडप एकदा कागलला उघडली ती आठ महिन्यांनी मिटली, आणि मधल्या काळात एक अख्खा पावसाळा होऊन गेला. पण सीट! त्या सीटवर जी झोप लागते ती सुलोचनाबाईंनी हौसेनं आणलेल्या नव्या गादीवर लागत नाही, आणि हे बायकोला सांगण्याइतके साहेब भोळे नाहीत.

आजची झोप शेवटची. पाच वाजता कुपवाडचा भंगारवाला गाडी ओढून न्यायला येणार आहे. दीड महिन्यापूर्वी तिचा मिरजेचा मिस्त्री, दस्तगीर, गेला. त्याच्या मातीला निघालेली ही गाडी विश्रामबागेच्या चौकात बंद पडली, ढकलत घरी आणावी लागली आणि साहेब मिरजेला पोचलेच नाहीत. ज्यानं चौदा वर्षं जगवलं त्यालाच हिनं शेवटच्या दिवशी दगा दिला, हे साहेबांच्या मनातून जात नाही. तेव्हापासून त्यांनी दुसऱ्या मिस्त्रीचा हात गाडीला लागू दिलेला नाही, आणि दस्तगीरच्या बायकोला तोंडही दाखवलेलं नाही. असली गाडी दारात नको, असं त्यांनी ठरवलंय. ठरवताना कुणी विचारलंही नव्हतं.

बाहेर सुलोचनाबाई खंडेनवमीसाठी विळी, कात्री, शिलाई मशीन पुसून मांडतायत. तो खणखणाट हळूहळू लांब जातो.

"साहेब, उठा की."

बॉनेटच्या मागून दस्तगीरचं डोकं वर येतं. साहेबांना नवल वाटतं ते मेलेला माणूस उभा असल्याचं नव्हे, त्याच्या शर्टावर तेलाचा एकही डाग नसल्याचं.

"अरे, तू गेलास ना?"

"गेलोय की. म्हणून तर सवड हाय."

पोर्च आता मिरजेचं गॅरेज आहे, आणि त्यात साहेबांना काही वावगं वाटत नाही. पाटावर पाने, पक्कड, हातोडी ओळीनं मांडली आहेत. प्रत्येकाला हळदकुंकू, वर झेंडूचं एकेक फूल.

"बघ बाबा हिला काय झालंय," साहेब घाईला येतात. "पाचला न्यायला येणारेत."

"आज खंडेनवमी. हत्याराला हात लावायचा न्हाई. उस्तादाकडनं शिकलो तवापासनं पाळलंय. आता मेल्यावर मोडू व्हय?"

"मेल्यावर कोण बघतंय?"

"साहेब, मेल्यावरच तर बघत्यात."

गॅरेजचं छत निघून जातं आणि गाडी कारखान्याच्या वजनकाट्यावर उभी असते. मागे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग हॉर्न देतेय. दस्तगीर बॉनेटवर मांडी घालून बसलाय. काट्यावर उभं राहिलं की खोटं बोलता येत नाही, हे साहेबांना कारखान्यातल्या नोकरीमुळे माहीत आहे.

"दस्तगीर, मी तुझ्या मातीला आलो नाही."

"ठाऊक हाय. चौकातनं फोन केला हुता न्हवं?"

"केला."

"कुणाला?"

साहेब मान खाली घालतात. "तुला."

दस्तगीर बॉनेटवर थाप मारून हसतो. "आमच्या हिनं उचलला. तुमी म्हनाला, 'मिस्त्रीला लौकर पाठवा, मला मातीला जायचंय.' त्या दिवसात ती तेवढंच एकदा हसली बघा."

"पण रिक्षा उभ्या होत्या रे तिथं," साहेब सांगून टाकतात. ही गोष्ट त्यांनी सुलोचनाबाईंनाही सांगितलेली नाही. "पाच-सहा तरी होत्या. मी गाडी सोडून आलो नाही. तासभर नुसता बसून राहिलो. तुझ्यापेक्षा मी ही मोठी धरली."

"हिला चौकात टाकून आला असता, तर मी तितंच उठून बसलो असतो. सगळ्यांची पळापळ झाली असती. त्यापेक्षा ते बरं." मग तो कान खाजवतो. एखादा नट हरवला की तो असाच कान खाजवायचा. "तुमचं झालं, आता माझं ऐका. हिला काय बी झालेलं न्हाई. पेट्रोल संपलंय."

"काटा अर्ध्यावर आहे!"

"अकरा वर्षं अर्ध्यावरच हाय. मीच डिंकानं चिकटिवलाय."

साहेब खिडकीतून आत वाकून काट्याच्या काचेवर टिचकी मारतात. काटा हलत नाही.

"ते मीटर बिघडलं, भाग जर्मनीतनं मागवायचा म्हटल्यावर तुमी दोन दिवस जेवला न्हाई. मग काय करू? वर चिकटिवला तर तुमी पेट्रोल टाकनार न्हाई, खाली चिकटिवला तर झोपनार न्हाई. दर सोमवारी फोन करून सांगत हुतो का न्हाई, साहेब, आज टाकून घ्या? मी गेलो त्यो बी सोमवारच हुता. सांगायला हुतो कुठं?"

ट्रॅक्टर गप्प झालेत. वजनकाटा विश्रामबागेचा चौक झालाय आणि दोघंही गाडीत आहेत. दस्तगीर स्टिअरिंगवर, साहेब मागे. चार फूट दहा इंचांचा दस्तगीर सीटखाली हात घालून कट्‌ कट्‌ कट्‌ करत सीट पार पुढे ओढतो.

"उतरताना मागं घेत जा रे," साहेब खेकसतात. "दर वेळी माझे गुडघे आपटतात."

"बरं," दस्तगीर म्हणतो. चौदा वर्षं त्यानं हेच म्हटलंय आणि सीट कधी मागं घेतलेली नाही. "आमच्या घरी जाऊन या एकदा. ती वाट बघतीया. तिला वाटतंय, तुमी रागावलाय."

"अहो! तो माणूस आलाय," सुलोचनाबाई काचेवर टकटक करतात.

साहेब डोळे चोळत खाली उतरतात, पुढचं दार उघडतात आणि सवयीनं आत बसायला जातात. गुडघे खाडकन स्टिअरिंगवर आपटतात. सकाळी याच सीटवर बसून त्यांनी चावी फिरवून पाहिली होती, पाय लांब सोडून, ऐसपैस. आता सीट पार पुढे आहे, स्टिअरिंगला चिकटलेली.

भंगारवाला दोर घेऊन उभा आहे. साहेब त्यालाच पाच लिटर पेट्रोल आणायला पिटाळतात, आणि ते अशा आवाजात सांगतात की तो बिचारा मुकाट्यानं जातो आणि आणतो. पेट्रोल पोटात गेल्यावर गाडी दोनदा खोकते, तिसऱ्यांदा सुरू होते.

"आता कुठं निघालात?"

"मिरजेला. दस्तगीरच्या घरी. तूही चल."

सुलोचनाबाई त्यांच्याकडे बघतात आणि पदराला हात पुसून शेजारी बसतात. "अहो, सीट तरी मागं घ्या. गुडघे मोडतील."

साहेबांचा हात सीटखालच्या दांडीपर्यंत जातो आणि तसाच परत येतो.

"असू दे," ते म्हणतात, आणि गुडघे पोटाशी घेऊन, हुंदका आणि हसू एकदमच आवरत, गाडी फाटकाबाहेर काढतात.