रिकाम्या उत्तराचा अर्थ

एखादं सॉफ्टवेअर काय करतं, त्याला काय विचारायचं आणि त्याचं उत्तर कसं वाचायचं, हे साध्या भाषेत लिहून देणं हे माझं काम. कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली तेव्हा आम्ही पुण्यातली भाड्याची जागा सोडली आणि भोरजवळ आंबवड्याला, सासरी राहायला आलो. घरात सासूबाई, दीर, जाऊ आणि आम्ही दोघं. सासूबाईंना आम्ही दोघी जावा आत्या म्हणतो.

मागच्या वर्षी एक वेगळंच काम माझ्याकडे आलं. मोबाईलवर, कॉम्प्युटरवर संघ करून ज्या स्पर्धा खेळल्या जातात, त्या ईस्पोर्ट्सच्या संघांची आकडेवारी देणारं ते टूल होतं. कोण कुणाशी खेळलं, किती सामने जिंकले, संघात कोण होतं, असं सगळं त्यात मिळायचं. पण ते वापरणार होते एआय एजंट. माणसानं एजंटला प्रश्न विचारायचा, एजंटनं माझं लिखाण वाचून टूलमधून आकडे आणायचे आणि उत्तर द्यायचं. माणसाला एखादं वाक्य कळलं नाही तर तो फोन करून विचारतो. हा वाचणारा काही विचारत नाही. जिथं लिहिलेलं नसतं तिथं अंदाज बांधतो आणि पुढं जातो. त्यात त्या खेळांतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. हे काम फसलं तर कंपनी पुन्हा पुण्याला बोलावून घेईल, ही धास्ती वेगळीच.

एका दुपारी मी स्वयंपाकघरात लॅपटॉप घेऊन पुटपुटत बसले होते. जाऊ भांडी पुसत होती. ती हळूच म्हणाली, "ताई, सबस्टिट्यूट म्हणजे राखीव खेळाडू. संघात नाव असलं तरी तो खेळलाच असं नाही."

"तुला गं काय माहीत?"

तिनं आधी दाराबाहेर बघितलं. आत्या शेरडं घेऊन माळावर गेल्या होत्या. "लग्नाआधी मी खेळायचे. आमची मुलींची टीम होती. यांना माहितीये, आत्यांना नाही. मोबाईलवर गेम खेळणारी सून म्हटल्यावर त्या काय म्हणतील, याचीच भीती वाटते."

त्या दिवसापासून अडलं की मी तिला विचारू लागले. खेळाबद्दल बोलताना तिचा आवाजच बदलायचा.

लिखाण पुरं झाल्यावर चाचणी सुरू झाली. मी गंमत म्हणून जावेसमोरच एजंटला तिच्या संघाबद्दल विचारलं. उत्तर आलं, 'या संघाने एकही सामना जिंकलेला नाही. संघाची कामगिरी निराशाजनक आहे.'

तिचा चेहरा उतरला. "आम्ही फायनल जिंकलो होतो, ताई," एवढंच ती म्हणाली.

मी शोधत बसले. टूलमध्ये लहान स्पर्धांची नोंदच नव्हती, म्हणून ते रिकामं उत्तर पाठवत होतं. आणि रिकामं म्हणजे शून्य, असं एजंटनं ठरवून टाकलं होतं. मी टूल बनवणाऱ्या इंजिनिअरला फोन लावला.

"रिकामं म्हणजे डेटा नाही. हे कुणालाही कळतं," तो म्हणाला.

"याला कळलेलं नाही. वाचून दाखवते." आणि मी एजंटचं उत्तर वाचून दाखवलं.

त्यानं ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. "बरं, लिहा तसं. पण उद्या सकाळी हे ग्राहकाला दाखवायचंय."

मग मी आणि जाऊ शेजारी बसलो आणि एकेक शब्द तोलून लिहिलं, 'उत्तर रिकामे आल्यास या संघाची नोंद उपलब्ध नाही, एवढेच सांगावे. संघ हरला असा अर्थ काढू नये.' पुन्हा तोच प्रश्न विचारला. जावेनं उत्तर मोठ्यानं वाचलं, "या संघाची नोंद माझ्याकडे नाही. त्यामुळे तो जिंकला की हरला, हे मला सांगता येणार नाही."

मी खुर्चीत मागं रेलले. कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात उंबऱ्यातून आवाज आला, "कुणाची नोंद न्हाई म्हनं?" वैरणीचा भारा घेऊन आत्या उभ्या होत्या.

"कामाचं आहे, आत्या," मी सारवासारव केली. पण जाऊ उठून उभी राहिली. "माझ्या टीमची, आत्या. लग्नाआधी मी मोबाईलवर गेम खेळायचे."

आत्यांनी भारा खाली टाकला. "पैजा लावून?"

"नाही हो. स्पर्धा असायच्या. आम्हाला कप मिळालाय."

"मग इतके दिस सांगितलं का न्हाई? आमी काय खाल्लं असतं व्हय तुला?" आत्या तिथंच टेकल्या. "हातात मोबाईल आला की तुजी बोटं नुसती वळवळत्यात, म्या बघतीया की. मला वाटलं, पोरीला म्हायेरी फोन लावायचाय आन लाजतीया."

जाऊ हसता हसता रडायला लागली. मलाही हसू आवरेना. आत्यांना मात्र आमचं काय चाललंय ते कळेना.

सकाळी ग्राहकासमोर सगळं नीट पार पडलं. पुण्याला परत बोलावण्याचा विषय निघालाच नाही. आता रविवारी दुपारी जाऊ जुन्या मैत्रिणींशी खेळते. तेव्हा शेजारपाजारच्या बाया अंगणात आल्या, की आत्या त्यांना दटावतात, "हळू बोला गं, आत सामना चाललाय."