नुसतं तोंड हलवा

त्यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा ते माझ्या तोंडात होते. म्हणजे अख्खे नव्हते. पण टॉर्च, चष्मा आणि नाकाचा शेंडा एवढा ऐवज माझ्या ओठांच्या आत पोचला होता, आणि मी जबडा आणखी जरासा फाकवला असता तर ते चपला बाहेर काढून आतच जाऊन बसले असते. झालं होतं असं की, गावातल्या मोठ्या गायनवृंदात आम्ही दोघंही नवीन. सराव सुरू व्हायच्या आधी वृंदाला शिकवणाऱ्या बाई कडाडल्या, "तोंडं उघडा! मोठी! आणखी मोठी!" मी पडलो आज्ञाधारक. उघडलं. शेजारच्या धिप्पाड गृहस्थांनी खिशातून टॉर्च काढली, माझ्या तोंडात उजेड पाडला आणि साऱ्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला, "अहो, तुमची अक्कलदाढ आलेलीच नाही!"

तेव्हापासून वृंदात माझं नाव अक्कलदाढ. घरी सांगितलं तर बायकोला हसून हसून ठसका लागला. "इतक्या वर्षांत कुणीतरी नेमकं निदान केलं," म्हणाली.

गृहस्थ कवळ्या बनवायचे. दातांचे डॉक्टर रुग्णांच्या जबड्याचं माप पाठवायचे, आणि हे गुलाबी मेणात एकेक दात बसवून त्याची कवळी करायचे. त्यामुळे माणसाच्या चेहऱ्याशी त्यांचा संबंध नाकाच्या खालीच सुरू व्हायचा आणि हनुवटीच्या वर संपायचा. वृंदातली निम्मी माणसं ते नावाने नाही, दातांनी ओळखत. आमच्या खर्जाच्या रांगेतला बसड्रायव्हर 'फट', त्याच्या पलीकडचा शिंपी 'किडलेली चौथी', आणि निवृत्त हेडमास्तर 'वरचा सेट'. हा वरचा सेट यांनीच बनवलेला होता, आणि हेडमास्तरांनी तोवर तो स्वतःच्या सुनेपासूनसुद्धा लपवून ठेवला होता. कवळीवाल्यांनी तो आठवडाभरात सार्वजनिक केला. तरी हेडमास्तर त्यांच्यावर रागावले नाहीत. त्यांच्यावर कुणालाच रागावता येत नसे. ओळखीचा दात दिसला की मामाच्या घरी आल्यासारखा आनंद कवळीवाल्यांच्या तोंडावर पसरायचा.

गाण्याची त्यांना भयंकर हौस. आणि आवाज! आवाज भक्कम होता, भरदार होता, खणखणीत होता. फक्त सूर त्याच्या शेजारच्या गल्लीत राहायचा. दोघांची अधूनमधून भेट व्हायची, नाही असं नाही, पण ती योगायोगाने. बरं, हळू गाणं त्यांना ठाऊक नव्हतं. दुकानात पॉलिशचं यंत्र दिवसभर घरघरत असायचं, त्याच्यावरून बोलायची सवय. त्यांनी तोंड उघडलं की आमची अख्खी रांग वाट चुकायची. शिंप्याने तर एकदा, "मला माझाच आवाज सापडेना हो," म्हणून सराव अर्ध्यावर सोडला.

त्या वर्षी आम्ही एक मोठी सिंफनी करणार होतो. तिचे पहिले तीन भाग नुसत्या वाद्यांचे. तोवर गाणाऱ्यांनी मागच्या बाकांवर, खोकलासुद्धा गिळून, पुतळ्यासारखं बसायचं. चौथ्या भागात, पुढे छडी हलवत सगळ्यांना चालवणाऱ्या संचालकांनी, म्हणजे आमच्या छडीवाल्यांनी, खूण केली की सगळ्यांनी एकदम उठायचं आणि वाद्यांना जाऊन मिळायचं. आणि आवाज चढत चढत अगदी टोकाला गेला की एका ठिकाणी सगळं एकदम थांबतं. वाद्यं, माणसं, सगळं. मग त्या शांततेतून गाणं पुन्हा अगदी हळू उगवतं. बाई म्हणायच्या, "ही शांतता बिघडली की सगळंच बिघडलं. इथे मला श्वाससुद्धा ऐकू येता कामा नये. हात पाहा. छडीवाल्यांचा हात खाली येईपर्यंत कुणी हूं की चूं करायचं नाही."

एका सरावानंतर बाईंनी कवळीवाल्यांना बाजूला बोलावलं. बाई हलक्या आवाजात बोलल्या, पण त्यांची सगळी हयात मागच्या बाकापर्यंत शब्द पोचवण्यात गेलेली. कोट घालता घालता आम्हा सगळ्यांना स्वच्छ ऐकू आलं.

"काका, वाईट वाटून घेऊ नका. कार्यक्रमात तुम्ही उभे राहा. पण नुसतं तोंड हलवा. आवाज नको."

"अजिबात नको?"

"अजिबात."

त्यांचे कान लाल झाले. मग त्या धिप्पाड माणसाने शाळेत उशिरा आलेल्या मुलासारखं विचारलं, "पण उभा राहू ना?"

"राहा की."

परत आले ते कोटाच्या बाहीत हात घालायचं सोडून बाहीकडेच पाहत राहिले. आम्ही सगळे आपापल्या बुटांच्या नाड्या बांधू लागलो. ड्रायव्हरच्या पायात तर चपला होत्या. कुणीच काही ऐकलं नाही, असं आमच्या रांगेत न बोलताच ठरलं.

माणूस वृंद सोडून जाईल असं वाटलं होतं. पण गेला नाही. उलट इतक्या निष्ठेने मुकं गाणं आजवर कुणी गायलं नसेल. ओठांचा गोल, जबड्याची उघडझाप, जिभेची जागा, सगळं बिनचूक. शेवटी धंदाच तो. बाई नवीन मुलींना सांगू लागल्या, "तोंड कसं उघडायचं ते त्या काकांकडे बघून शिका." हे ऐकून त्यांचे कान पुन्हा लाल व्हायचे.

वडिलांच्या कवळीसाठी मी एकदा त्यांच्या दुकानात गेलो. अरुंद खोली, खिडकीशी कामाचं टेबल, मेण वितळवायचा लहानसा दिवा, आणि भिंतभर फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडे. मी सहज विचारलं, "आवाज काढायचा नाही, तर मग येता कशाला हो एवढं?"

त्यांनी मेणातला दात नीट बसवला. मग त्या जबड्यांकडे मान वळवून म्हणाले, "एवढी तोंडं दिवसभर माझ्याकडे बघतात, अक्कलदाढ. एक बोलेल तर शपथ. तिथे सगळी एकदम गातात. पाठीमागून तो आवाज येतो ना, तो इथे लागतो." आणि त्यांनी बरगड्यांवर थाप मारली, तर अंगावरून प्लॅस्टरची भुकटी उडाली.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी आल्या. ठेंगण्या, लगबगीच्या, आनंदी बाई. मी वृंदातला आहे हे कळल्यावर त्यांनी पिशवी खालीच ठेवली.

"तुम्ही यांच्या शेजारी असता होय? मग तुम्हीच सांगा, कसे गातात हे? घरी विचारलं तर म्हणतात, कार्यक्रमालाच ऐक. रोज आरशासमोर तासतासभर तयारी चालते, पण दार लावून! दादाला बोलावलंय मी, वहिनीला बोलावलंय, धाकटीचं अख्खं घर येतंय. दादा सारखा चिडवतो ना, म्हणे आमचे भाऊजी दात करतात पण चावत नाहीत. म्हटलं, ये आणि ऐक एकदा!"

कवळीवाल्यांच्या हातातली सुरी टेबलावर पडली. ते माझ्याकडे बघेनात, मी त्यांच्याकडे बघेना.

"वहिनी," मी म्हणालो, "यांच्यामुळे आमची रांग भरल्यासारखी दिसते."

"दिसते नाही हो, ऐकू कशी येते?"

"अगं, त्यांना उशीर होतोय," कवळीवाले म्हणाले. मला अजिबात उशीर होत नव्हता. मी निघालो.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह खच्चून भरलं होतं. आम्ही वाद्यांच्या मागे, पायऱ्यापायऱ्यांच्या बाकांवर, काळ्या कपड्यांत. त्यांची मंडळी चौथ्या-पाचव्या रांगेत मधोमध. पत्नी हात हलवत होत्या, आणि शेजारी त्यांचे दादा हाताची घडी घालून, हसायच्या पूर्ण तयारीत. कवळीवाले कपाळावरचा घाम पुसत मला म्हणाले, "आज पोट बिघडलं असतं तर बरं झालं असतं."

मग सुरू झालं. सरावात आम्ही सगळं तुकड्यातुकड्यांनी ऐकलेलं. सबंध वाद्यवृंद असा पुढ्यात बसून पहिल्यापासून वाजवू लागला, तेव्हा अंगाखालचा बाक थरथरायला लागला. तांब्याच्या नगाऱ्यांवर घाव पडला की तो आधी पायांना कळायचा आणि मग कानांना. तिसऱ्या भागात व्हायोलिन इतकी हळुवार झाली की ड्रायव्हरने माझा हात धरला आणि सोडायचं विसरला. आयुष्यभर गर्दीवर खेकसलेला माणूस तो. मी कवळीवाल्यांकडे पाहिलं. त्यांच्या गालांवरून सरळ धारा लागल्या होत्या आणि पुसायचं त्यांना भान नव्हतं.

चौथा भाग. आम्ही उठलो. स्त्रियांचे आवाज वरून आले, आमचे खालून, आणि दोन्हींच्या मधे वाद्यं उसळली. आपण गातोय असं वाटेनाच. कुणीतरी फार मोठं आपल्याला गातंय असं वाटत होतं. घरची भांडणं, साहेबाची बोलणी, गुडघ्याची कळ, सगळं दाराबाहेर राहिलं. आणि तेवढ्यात माझ्या डाव्या बाजूने, इतके महिने जिथे नुसता वारा होता तिथून, एक आवाज उठला.

कवळीवाले गात होते.

मी कोपर उचललं. पण पुढच्याच क्षणी कळलं, आवाज सुरात होता. अगदी चोख. जन्मभर शेजारच्या गल्लीत राहिलेला सूर त्या दिवशी घरी आला होता. डोळे मिटलेले, मान वर, छाती भरलेली. मी कोपर मारायला हवं होतं. पण मारवेना.

आवाज चढला, चढला, टोकाला गेला. छडीवाल्यांचा हात वर थांबला. सगळे थांबले.

कवळीवाले थांबले नाहीत. नुसतं तोंड हलवणाऱ्याला थांबायचं कुठे हे लक्षात ठेवायची कधी गरजच पडली नव्हती, आणि डोळे तर मिटलेले. त्या अख्ख्या सभागृहात, जिथे श्वासही ऐकू येता कामा नये तिथे, एक एकटा, भरदार, खणखणीत सूर उभा राहिला. मग त्यांना कळलं. जिन्यात नसलेल्या पायरीवर पाय टाकावा तसा तो सूर मधेच कोसळला.

कुठेतरी कुणी फिसकन हसलं. छडीवाल्यांनी हात तसाच धरून ठेवला. हसणं विरून पुन्हा निवांत होईपर्यंत धरला, मग हळूच खाली आणला. आम्ही गायलो. कवळीवाले उरलेला वेळ ओठ घट्ट मिटून उभे होते. हलवायचे तेसुद्धा त्यांनी हलवले नाहीत.

टाळ्या पुष्कळ पडल्या. कपडे बदलायच्या खोलीत बाई आल्या त्या थेट त्यांच्यापुढे.

"नुसतं तोंड हलवा म्हटलं होतं, काका. तेवढंही जमू नये?"

"नाही जमलं, बाई. कुणीतरी उचलल्यासारखं झालं. लाजेने मान वर होत नाही माझी."

बाई काहीतरी बोलणार होत्या. कवळीवाल्यांच्या ओल्या गालांकडे पाहून निघून गेल्या.

बाहेरच्या दालनात त्यांची मंडळी वाट पाहत होती. दादांनी हसणं बाजूला ठेवून त्यांना मिठीच मारली. "भाऊजी! सगळे थांबवून तुम्हाला एकट्याला दिलं होतं होय! बोलला नाहीत कधी!" पत्नी तर रडत होत्या. "बघ दादा, मी म्हटलं नव्हतं? एवढ्या सगळ्यांतून यांचा एकट्याचा!"

आमची रांग मागे उभी होती. हेडमास्तरांनी दोन्ही हातांनी खूण केली, असू दे, चालू द्या. मीही मान हलवली. कुणाचं काय बिघडणार होतं?

कवळीवाल्यांनी पत्नीच्या हातातला रुमाल घेतला, तोंड पुसलं आणि म्हणाले, "ती चूक होती."

"म्हणजे?"

"तिथे कुणीच गायचं नव्हतं. आणि मला तर कुठेच गायचं नव्हतं. मला नुसतं तोंड हलवायला सांगितलंय. बरेच महिने झाले."

दादांना आधी समजलं नाही, मग समजलं, आणि मग ते छतावरचे दिवे पाहू लागले. दादांनी हसून घेतलं असतं तर बरं झालं असतं. पत्नींचा चेहरा उतरत गेला.

"आणि आरशासमोर?"

"तोंड उघडायची तयारी."

"मला तेव्हाच सांगायचं होतंत," त्या हळू म्हणाल्या. "मी सगळ्यांना घेऊन आले हो." त्यांनी रुमाल परत घेतला, आणि धाकट्या बहिणीकडे न पाहता दाराकडे चालू लागल्या. कवळीवाले त्यांच्यामागून चार पावलं अंतर ठेवून गेले. जाताना माझ्यापाशी थांबले. "पण काय होतं हो ते, अक्कलदाढ," म्हणाले, आणि बोलल्याबरोबर पुन्हा मान खाली घातली.

नंतर ते सरावाला आले नाहीत. बाईंनी माझ्या हाती निरोप धाडला की यायचं असेल तर या. ते म्हणाले, काम वाढलंय. काम खरंच वाढलं होतं. आमच्या रांगेत त्यांच्या जागी पोस्टातला एक कारकून घेतला. आवाज बरा आहे. कवळीवाल्यांनी दुकानात रेडिओ आणलाय. त्यावर ते नुसत्या बातम्या लावतात.