कणकेत मळलेलं तूप

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि लिहिताना समोरच्याच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

मी अकोल्याकडची. सातवीत शाळा सुटली. लग्न करून जयपूरला आले, कारण हे इथे मालगाडीचे ड्रायव्हर. जगतपुऱ्यात दोन खोल्या. मला हिंदी धड येत नव्हती. बँकेचा फॉर्म, गॅसचा नंबर, रिक्षावाल्याशी भाव करणं, सगळं ह्यांनी शिकवलं, आणि चारचौघांत माझं शिक्षण कधी काढलं नाही. एवढा चांगला माणूस. म्हणूनच सांगायला जड जातं.

ह्यांची ड्यूटी लागली की दोन-दोन दिवस घर रिकामं. त्या दोन दिवसांत मी कशी असायचे, कसं सांगू? दाराची कडी तीनदा बघायची. भाजीवाल्या भैयाला गॅलरीतूनच नको म्हणायची. फोन मांडीवर घेऊन बसायची. भीती कशाची — ते आजही सांगता येत नाही.

मग रेल्वेच्या डॉक्टरी तपासणीत ह्यांचं वजन आडवं आलं. एकशे आठ किलो, वर प्रेशर. डॉक्टर म्हणाले, उतरवा, तोवर गाडीवर जायचं नाही. ह्यांना ऑफिसात बसवलं. दहा ते सहा. हे पार खचले. आणि मी? मी चहा टाकताना गुणगुणत होते. तेव्हाच मला स्वतःची शंका यायला हवी होती.

पण खरं सांगते, पहिले दोन महिने मी मनापासून केलं. भात बंद, साखर बंद. सकाळी आम्ही दोघं चालायला जायचो. कॉलनीतले हसायचे, 'लो जी, इंजन निकला!' हे धापा टाकत म्हणायचे, भरलेली मालगाडी आहे, वेग घ्यायला वेळ लागतो. शेजारच्या भाभींनी मला मिस्सी रोटी शिकवली होती — कणीक, बेसन, ओवा. त्या म्हणाल्या होत्या, तूप वरून लावू नकोस, पिठातच चोळ, रोटी मऊ राहते आणि दिसतही नाही. मी तूप वगळूनच करायची. सात किलो उतरले.

डॉक्टर म्हणाले, आणखी चार-पाच उतरू देत, मग गाडीवर जायचा कागद देतो. त्या संध्याकाळी ह्यांनी माळ्यावरून ड्यूटीची पेटी काढली. ओल्या फडक्याने पुसली. आतला टॉर्च लावून बघितला, झेंड्या उलगडून पुन्हा गुंडाळल्या. लहान मुलासारखा चेहरा झाला होता. मी दारात उभी राहून बघत होते.

दुसऱ्या दिवशी मी पिठात तूप चोळलं.

एकदा नाही. रोज. डब्यातल्या चार रोट्या, रात्रीच्या तीन. वरून कोरड्या ठणठणीत. भाभींचा हात तुपाला सढळ होता, माझा त्याहून सढळ झाला. कुणी विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते? कुणी विचारलंच नाही. स्वयंपाक माझा, डबा माझा, विश्वास ह्यांचा.

काटा आधी थांबला, मग वर चढायला लागला. ह्यांनी संध्याकाळचंही चालणं सुरू केलं. मग रात्रीची एक रोटी कमी केली. मी उरलेल्या दोन रोट्या जाड केल्या. एकदा चालताना हे चक्कर येऊन रस्त्याकडेला बसले, तेव्हा मी पदराने वारा घातला — आणि दुसऱ्या दिवशी तेच पीठ मळलं. मतलब, मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं.

शेवटच्या तपासणीच्या आदल्या दिवशी हे काट्यावरून उतरले. खाली बघत म्हणाले, 'तू एवढं करतेस माझ्यासाठी. माझ्याच अंगाला लाज नाही गं. मला माफ कर.'

माफ कर — मला म्हणाले. मी म्हटलं, 'अहो, असू द्या.' एवढंच.

तपासणीत हे नापास झाले. कायमचं ऑफिसकाम लागलं. पक्का कागद निघाला, तो फिरत नाही. आता हे खिडकीत बसून ड्यूटीवर निघालेल्या ड्रायव्हरांच्या सह्या घेतात. ह्यांनी ती पेटी एका नव्या पोराला देऊन टाकली. सहाला घरी असतात. मला हवं होतं तसंच.

कागद आला त्या दिवसापासून मी तूप बंद केलं. वर्षभरात ह्यांचं वजन चौदा किलोंनी उतरलं. हे कॉलनीत सांगत फिरतात — बायकोने जिद्द सोडली नाही, तिच्यामुळे झालं, फक्त थोडं उशिरा. बायका माझ्याकडे रोटी शिकायला येतात. हे बाजूला उभे राहून माझं कौतुक करतात.

मी ते ऐकून घेते.