पट्टा लागल्याचा आवाज

या सदरातले अनुभव मी आवडीने वाचतो, पण वाचून झालं की मनात शंका काढत बसतो. उंदीर असेल, वारा असेल, जागरण झालं असेल... मी बी.एस्सी. आहे, फिजिक्स घेऊन. आमच्या घराण्यात माझ्याआधी सातवीपुढे कुणी गेलं नव्हतं. जे शिकलो त्यावर माझी श्रद्धा होती आणि अजून आहे. भूतखेत, करणी, झपाटणं यातलं मी काही मानत नाही. पुढचं वाचून तुम्ही मला मानणाऱ्यांत बसवाल. बसवा. पण जे घडलं ते असं घडलं.

गोष्ट सोलापूरची, सत्तरच्या दशकातली. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. होटगी रोडला एका गिरणीच्या इंजिनिअर साहेबांचा बंगला होता. पुढे कडुनिंब, बाजूला पत्र्याचं गॅरेज, आणि गॅरेजला लागून एक खोली. त्या खोलीत मी सहा वर्षं राहिलो.

माझं गाव सांगोला तालुक्यात. वडील मेंढरं राखायचे. मॅट्रिकला शाळेत पहिला आलो तेव्हा बक्षीस द्यायला हे साहेब आले होते. स्टेजवरच त्यांनी विचारलं, "पुढं काय करणार?" मी म्हणालो, "काही नाही." ते म्हणाले, "सोलापूरला ये." एवढंच. चार वर्षांची फी, पुस्तकं, दोन वेळचं जेवण, सगळं त्यांनी केलं. पदवी हातात पडल्यावर गिरणीत सुताची ताकद तपासायच्या खोलीत नोकरीही लावली. साहेबांच्या पत्नीला मी वहिनी म्हणायचो, तसं त्यांनीच सांगितलं होतं. त्यांचं माहेर अक्कलकोटचं, बोलणं अर्धं मराठी अर्धं कानडी. त्यांना लग्नानंतर नऊ वर्षांनी मुलगी झाली होती. कावेरी. ती मला मामा म्हणायची.

गिरणीत यंत्रं बसवायला आलेला एक परदेशी इंजिनिअर परत जाताना आपली गाडी साहेबांना विकून गेला. तशी गाडी तेव्हा सोलापुरात दुसरी नसावी. पुढच्या दोन्ही सीटना पट्टे होते, आणि मागे लहान मुलांसाठी एक खुर्ची, तिलाही खांद्यावरून येणारे पट्टे. साहेबांना गाडी चालवायची आवड नव्हती. मी लायसन काढलं आणि सुटीच्या वेळात, सकाळ-संध्याकाळ, ती चालवू लागलो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्यासाठी काहीतरी करायला मिळालं याचंच मला बरं वाटायचं.

गाडीबरोबर इंग्रजी माहितीपुस्तक होतं. वहिनींना वाचता यावं म्हणून मी ते रात्रंदिवस डिक्शनरी घेऊन मराठीत उतरवलं, दोनशे पानी वहीत, सुवाच्य अक्षरात. पट्टा पिळलेला नसावा. तो पोटावरून नव्हे, कमरेच्या हाडावरून जावा. मागच्या काचेखालच्या फळीवर जड वस्तू ठेवू नये. डॅशबोर्डच्या कप्प्याचं झाकण गाडी चालू असताना बंद ठेवावं. आणि — मूल मांडीवर घेऊन बसू नये. गाडी एकदम थांबली तर कितीही घट्ट धरलेलं मूल हातातून सुटतं.

माझे वडील एकदा भेटायला आले होते. कावेरीला खुर्चीत पट्टे लावून बसवलेलं पाहून ते हसून हसून खोकायला लागले. "आमी करडं बांधतो दाव्याला, तुमी हितं माणसं बांधताय व्हय? ह्येच शिकवलं का कालिजात?"

"आबा, हे सुरक्षेसाठी असतं."

"आसंल की. पर करडू बी आसंच बघतं बघ, तिच्यागत."

कावेरीला मात्र ते पट्टे आवडायचे. बकल ती स्वतः लावायची, दोन्ही हातांनी, जीभ बाहेर काढून. दुसऱ्या कुणी लावलं तर रडून सोडवून घ्यायची. सकाळी साडेआठला बालवाडीत सोडताना मी गाडी सुरू करून थांबायचो. मागून कट् असा आवाज यायचा आणि मग तिचं बोलणं, "आय्तु, मामा. झालं." आईच्या भाषेत आणि माझ्या भाषेत, दोन्हीत. मग मी गिअर टाकायचो.

वहिनींच्या भावाच्या मुलाचं बारसं होतं, अक्कलकोटला. साहेब कामावरून परस्पर येणार होते. गाडीत मी, वहिनी, कावेरी आणि वहिनींची मावशी, एवढेच. वहिनींना मागे बसलं की मळमळायचं म्हणून त्या पुढे, माझ्या शेजारी. कावेरीला त्या दिवशी खणाचा परकर-पोलका घातला होता. तिने बकल लावलं. आवाज आला. मी निघालो.

कुंभारीच्या पुढे मावशींनी सुरू केलं. "नवा खण सगळा चुरगाळला की गं. आणि कार्याला निघाल्यावर लेकराला असं आवळून बांधतात का कुणी? तिरडीला बांधल्यागत. ब्याड ब्याड, नको हे असलं, सोड तिला."

"मावशी, तसलं बोलू नका," वहिनी म्हणाल्या. पण तो शब्द त्यांना लागला होता हे मला दिसलं. थोड्या वेळाने त्या मला म्हणाल्या, "जरा थांबवता का?" मी थांबवली. मावशींनी पट्टे सोडले आणि पोर पुढे वहिनींच्या मांडीवर आली. दोघींना एक पट्टा बसेना म्हणून वहिनींनी आपलाही सोडला.

वहीतलं ते वाक्य मला तोंडपाठ होतं. ते तोंडात आलंही होतं. पण ज्यांच्या घरचं अन्न खाल्लं त्यांना, त्यांच्या पाहुण्यांसमोर, शुभदिवशी, मी काय शिकवणार? मावशी म्हणाल्या असत्या, मेंढक्याचं पोर आता आम्हाला लेकरं सांभाळायला शिकवतंय. मी गप्प बसलो. वहिनींनी कप्प्यातून रुमाल काढून कावेरीचं तोंड पुसलं. झाकण उघडंच राहिलं. तेही मी पाहिलं.

वळसंगच्या अलीकडे एक बैलगाडी शेतातून एकदम रस्त्यावर आली. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली. बैलांना धक्का लागला नाही, गाडीला ओरखडा नाही. मावशी पुढच्या सीटवर आपटल्या, त्यांना काही झालं नाही. वहिनींचं मनगट मुरगळलं. कावेरी त्यांच्या हातातून सुटली होती... झाकणाच्या कडेवर तिचं डोकं आपटलं होतं. रक्त फार नव्हतं. सोलापूरच्या दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली होती.

साहेब मला एका शब्दानेही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते माझ्या खोलीत आले, खाटेवर बसले आणि म्हणाले, "तुझी काही चूक नाही. तू तर वेळेवर ब्रेक मारलास." मांडीवर घेऊ नका हे मला सांगता आलं असतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्या क्षणी नाही आणि नंतरही नाही.

महिन्याभराने गाडी बाहेर काढली, बॅटरी उतरू नये म्हणून. सकाळची वेळ, मी एकटा. इंजिन सुरू केलं आणि मागून आवाज आला. कट्.

मी वळून पाहिलं. खुर्ची रिकामी. पट्टे मी जसे सोडून ठेवले होते तसेच दोन बाजूंना पडलेले. बकल उघडं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशीही. मी शिकलेला माणूस, मी प्रयोग केले. पट्ट्याचं टोक सुतळीने दुसऱ्या दाराच्या हँडलला बांधून टाकलं. बकलात कापूस कोंबला. तरी आवाज आला, तसाच, इंजिन सुरू झाल्यावर थोड्या वेळाने... एखाद्या लहान मुलाला लागेल तेवढ्याच वेळाने. ओळखीच्या मिस्त्रीकडे गाडी नेली. त्यांनी सगळं खालीवर करून पाहिलं. "भाई, कुछ नहीं इसमें. दो लोहे हैं, जुडे तो बजेंगे, नहीं जुडे तो कायको बजेंगे?" मी म्हणालो, न जुळता वाजतात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "शादी कर ले," म्हणाले.

वहिनी तेव्हा जेवणावरून उठून जायच्या. ताट तसंच. दोन-दोन दिवस चहावर काढायच्या, बांगड्या हातातून गळून पडतील इतक्या सैल झाल्या होत्या. डॉक्टरांनी साहेबांना स्पष्ट सांगितलं होतं, औषध मी देतो, पण खाल्लं नाही तर त्या उन्हाळा काढणार नाहीत. एकदा त्यांनाच दवाखान्यात न्यायचं होतं. या वेळी त्या मागे बसल्या, रिकाम्या खुर्चीशेजारी. मी गाडी सुरू केली. आता आवाज येणार हे मला माहीत होतं.

कट्.

आरशात मला वहिनींचा चेहरा दिसला. त्या घाबरल्या नाहीत. खुर्चीकडे वळून हळू म्हणाल्या, "आय्ता?" — झालं का? मग मला म्हणाल्या, "तुम्हाला आलं ऐकू?"

"आलं वहिनी."

"किती दिवस?"

"पहिल्यापासून."

"मग मला सांगितलं का नाही हो?" त्या रागावल्या नव्हत्या. त्या दिवशी दवाखान्यातून आल्यावर त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली.

पुढे रोजचंच झालं. साडेआठला त्या येऊन बसायच्या. मी इंजिन सुरू करायचो. आवाज आला की फाटकापर्यंत गाडी न्यायची आणि परत आणायची. त्या उतरायच्या आणि आत जाऊन जेवायच्या. स्वयंपाकीणबाई मला म्हणाली, "काय जादू केली रं? आज आमटी मागून घेतली बाईंनी." दोन महिन्यांत त्यांच्या तोंडावर थोडं तेज आलं. मला ते पटत नव्हतं, तरी मी रोज गाडी काढत होतो. खरं सांगायचं तर मलाही तो आवाज हवासा झाला होता.

पण कॉलनीत बोलणं सुरू झालं. साहेबांची बायको रिकाम्या खुर्चीशी कानडीत बोलते म्हणून. साहेबांनी मला बोलावून घेतलं. ते त्या काही महिन्यांत म्हातारे झाले होते.

"तू शिकलेला आहेस," ते म्हणाले. "निदान तू तरी तिला यात साथ द्यायला नको होतीस. खरंच काही आवाज येतो का?"

मी म्हणालो, "येतो साहेब."

ते उठून खिडकीशी गेले. मग म्हणाले, "तुला यासाठी शिकवलं नव्हतं मी."

दुसरं काही बोलले असते तर मी वाद घातला असता. त्यांनी खुर्ची आणि पट्टे काढून टाकायला सांगितलं. आणि सांगितलं की उद्या ती विचारेल, तर सांग — काही नाही. एकदा तुटलं की ती सावरेल. त्यांचाही हेतू चांगलाच होता हो.

त्याच दुपारी मी पाना घेऊन खुर्ची सोडवली, पट्ट्यांचे बोल्ट काढले, बकलं काढली, आणि सगळं पोत्यात भरून गिरणीच्या भंगारात टाकून आलो. मागची सीट सपाट झाली. रेक्झिनवर खुर्चीच्या पायांचे चार खळगे तेवढे राहिले.

सकाळी साडेआठला वहिनी आल्या. दार उघडून क्षणभर उभ्या राहिल्या. मग बसल्या. मी इंजिन सुरू केलं. गिरणीचा भोंगा नुकताच होऊन गेला होता, आजूबाजूला शांत होतं.

कट्.

मागून. नेहमीच्याच जागेवरून. गाडीत बकल नव्हतं, पट्टा नव्हता, बोल्टसुद्धा नव्हता. मला ते अगदी स्पष्ट ऐकू आलं.

आरशात वहिनी माझ्याकडे बघत होत्या. त्यांना आज ऐकू आलं नव्हतं. त्या अजून वाट बघत होत्या. काही वेळाने म्हणाल्या, "तुम्हाला आलं का?"

मी म्हणालो, "नाही वहिनी. काही नाही आलं."

"नाही ना?"

"नाही."

"मग गेली ती," त्या म्हणाल्या. दार उघडून उतरल्या, आणि नंतर गाडीजवळ कधी आल्या नाहीत.

त्याच दिवशी साहेबांना गिरणीत सोडायचं होतं. ते मागे बसले. मी किल्ली फिरवली. आवाज आला. आरशात मला दिसलं, साहेबांचा हात शेजारच्या मोकळ्या जागेवर गेला आणि तिथेच राहिला. तोंड मात्र खिडकीबाहेर होतं. गिरणीच्या फाटकापर्यंत आम्ही दोघे तसेच गेलो. नंतर तो आवाज मला पुन्हा ऐकू आला नाही.

वहिनींनी उन्हाळा काढला नाही. माहेरी नेलं होतं, तिथेच गेल्या. साहेबांनी गाडी कुर्डुवाडीच्या एका माणसाला विकली. ते पुढे पुष्कळ वर्षं होते, माझ्या लग्नाला आले, माझ्या मुलांना मांडीवर घेऊन खेळवलं त्यांनी. या विषयावर आम्ही कधीच बोललो नाही. आता तेही नाहीत, म्हणून हे लिहितो आहे.

नसलेलं बकल कसं वाजतं, याचं उत्तर मला कुठल्या पुस्तकात मिळालं नाही. त्यांना रोज ऐकू येणारा आवाज नेमका त्याच दिवशी त्यांना का आला नाही आणि मला का आला, तेही माहीत नाही. वाचकांपैकी कुणाला काही सुचलं तर जरूर कळवा, मी मोकळ्या मनाने वाचेन. पण उत्तर मिळालं तरी त्याने एक गोष्ट बदलणार नाही. त्या सकाळी आवाज आला होता, आणि मी नाही म्हणालो.