हरिवे बटण

मशीनच्या पडद्याला जवळजवळ नाक लावून, करंगळीच्या नखानं एकेक अक्षर टोकरत ते म्हणायचे, “हे कोण वाचणार, राव?”

तुमच्याही कंपनीत असा एखादा असेलच. पाच दिवसांचं काम पाच महिने पुरवणारा. आमचे हे गृहस्थ मोशीच्या एका जुन्या घराण्यातले, चाकणच्या कारखान्यात मेंटेनन्सला. मी प्रॉडक्शन सुपरवायझर. आमच्या पत्रा दाबायच्या प्रेसचे पडदे कुणी नावही न ऐकलेल्या एका जुनाट ऑपरेटिंग सिस्टिमवर चालत. कंपनीनं कामाच्या सूचना वेबपेजवर टाकल्या आणि मग लक्षात आलं, त्या सिस्टिमला ब्राउझरच नाही.

“आमी लिवतो की,” हे म्हणाले.

आणि ब्राउझर लिहिलाही. दोन महिन्यांत पान उघडलं, चित्रं आली. फक्त पहिली वेलांटी उडी मारून पुढच्या अक्षरावर बसे. ‘हिरवे बटण’चं ‘हरिवे बटण’. जोडाक्षरं तर पार मोडलेली.

“इंग्रजीत टाका आणि मोकळे व्हा,” मी म्हणालो.

“विंग्रजी तुमी वाचता, साहेब. प्रेसवर तुमी उभं ऱ्हाता व्हय?”

गिऱ्हाइकाची तपासणी तोंडावर आलेली. माझं डोकं फिरलं. ते रजेवर असताना मी तो अर्धवट ब्राउझर सगळ्या प्रेसवर चढवला.

तिसऱ्या दिवशी लातूरकडच्या एका ऑपरेटरनं सकाळभर वाकडे पत्रे काढले. “वाचता येत नाही का?” मी ओरडलो. तो मान खाली घालून म्हणाला, “मला वाटलं, माझंच शिक्षण कमी पडायलंय.”

हे रजेवरून आले. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. रोज शिफ्ट सुटली की त्या ऑपरेटरला शेजारी बसवून वाचायला लावत आणि तो अडखळला की पुन्हा दुरुस्तीला लागत. महिन्याभरानं तो घडाघडा वाचू लागला. तर हे म्हणतात कसे, “आता अक्षरं बारीक हायत.” मी कपाळावर हात मारला.

पुढं ते रिटायर झाले. गेल्या वर्षी नव्या प्रेस आल्या, मराठी सूचनांसकट. कौतुकानं मी त्यांना फोन केला.

“वाचून दावा,” ते म्हणाले.

मी वाचू लागलो. “आधी वीज बद करा...”

“टिंब गेलंय?”

खरंच गेलं होतं.

“दुरुस्त करा, मग परत वाचा.”

वैतागलो, पण दुरुस्त करून घेतलं. फोन मात्र आज करू, उद्या करू म्हणत राहून गेला. आठवड्यानं त्यांच्या सुनेचाच आला. “बाबा पहाटे गेले. झोपेतच,” ती सांगत होती. मी प्रेससमोर उभा होतो. पडद्यावर ‘बंद करा’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं.