चालू रेकॉर्डिंगवर फिरलेला अंगठा

मंडळी, आज डोके जरा तापलेले आहे, सांभाळून घ्या.

सकाळी आम्ही दोघे अमरावतीहून चांदूर बाजारला माझ्या मामांकडे गेलो. सोमवारी त्यांच्या घशाचे ऑपरेशन आहे. नंतर आवाज कसा राहील, हे डॉक्टरही सांगत नाहीत. माझ्या आजोळच्या चालीतला रुद्र आता फक्त त्यांनाच येतो, म्हणून तो रेकॉर्ड करायचा होता.

थांबत, पाणी घेत मामांनी सगळा म्हटला. अगदी शेवटच्या मंत्राला आमच्या सौ.ना त्यांचा फोटो काढावासा वाटला. त्यांनी माझा फोन उचलला आणि सवयीप्रमाणे आधी सगळी उघडी ॲप्स अंगठ्याने सारून बंद केली. खोलीतून निघताना पंखा बंद करतात, तसे. त्यात रेकॉर्डरही गेला. काहीच सेव्ह झाले नाही. संहाराला शंकराचा तिसरा डोळा लागतो असे शिकलो होतो, इथे अंगठ्यावर भागले.

"फोन चुलीसारखा तापला होता. मांगं एवढं सारं कावून चालू ठेवता तुमी?" वर मलाच प्रश्न.

ॲप्स अशी बंद करून बॅटरी वाचत नाही, हे मी वर्षानुवर्षे सांगतो आहे. निष्काम कर्मयोग म्हणतात तो हाच.

मामा बसक्या आवाजात म्हणाले, "तिले बोलू नको. उद्या सकाळी ये. आवाज निघाला तं पुन्हा म्हणतो."

फोटो मात्र छान आला आहे. मामांचे तोंड उघडे आहे, डोळे मिटलेले आहेत.

तुमच्या घरी ही सवय कोणाची सुटली असेल, तर कशी सुटली ते आज रात्रीच कळवा.